सोपी भाषा, अवघड अध्यापन

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या जर्नलमध्ये फॅरनहाइटचे सेल्सिअस करून दाखवणारा प्रोग्राम हमखास असतो. विद्यार्थी शाळेत शिकलेले सूत्र सी भाषेत जसेच्या तसे उतरवतो: पाच भागिले नऊ, गुणिले तापमान वजा बत्तीस. प्रोग्राम बिनतक्रार कंपाइल होतो, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरतो, चालतो, आणि तापमान ९८ दिले तरी शून्य सांगतो, २१२ दिले तरी शून्यच सांगतो. सी भाषेत दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच धरला जातो, त्यामुळे पाच भागिले नऊ म्हणजे शून्य, आणि पुढचा सगळा गुणाकार त्या शून्यात बुडतो. पलीकडच्या संगणकावर दुसरा कोणी फॅक्टोरियल, म्हणजे एकपासून त्या संख्येपर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार, काढत असतो. सातपर्यंत उत्तरे बरोबर येतात आणि आठचे उत्तर उणे २५२१६ असे येते, कारण प्रयोगशाळेत अजूनही टर्बो सी++ हा जुना कंपायलर आहे आणि त्यात साध्या पूर्णांकाला ('इंट'ला) सोळाच बिट मिळतात, एवढी मोठी संख्या त्यांत मावत नाही. मॅडम येतात, एकाला "पाचऐवजी पाच पॉइंट शून्य लिही" म्हणतात, दुसऱ्याला "इंटऐवजी लाँग घे" म्हणतात, दोघांची उत्तरे बरोबर येतात आणि जर्नलवर सही होते.

दोघांनाही त्या दिवशी एकेक तोडगा मिळाला, स्पष्टीकरण मिळाले नाही. यात मॅडमना दोष देण्यात अर्थ नाही. लूप, म्हणजे त्याच आज्ञा पुन्हापुन्हा चालवणे, हे जो मागच्या आठवड्यात शिकला, त्याला सोळा बिटांत ऋण संख्या कशी साठवतात हे प्रॅक्टिकलच्या गडबडीत समजावणे कोणालाच जमणारे नाही. प्रश्न असा आहे की या दोन गोष्टी त्याच्यापुढे त्या आठवड्यात यायला हव्या होत्या का. माझे उत्तर 'नको होत्या' असे आहे, आणि म्हणूनच विद्यापीठातील पहिल्या सत्रात नवशिक्यांना सोयीची पडेल अशी प्रोग्रामिंगची भाषा शिकवावी, या मताचा मी आहे. मात्र या मताच्या बाजूने नेहमी जे कारण दिले जाते, की अशा भाषेमुळे विषय सोपा होतो, ते मला अपुरे वाटते. विद्यार्थ्याला ती सोपी जाते हे खरे आहे. पण शिकवणाऱ्याला आणि पेपर काढणाऱ्याला ती अवघड जाते, आणि तिचा मोठा उपयोग तिथेच आहे.

विद्यार्थ्यांसाठी म्हणून मुद्दाम भाषा घडवण्याची परंपरा जुनी आहे आणि तिचा बराचसा भाग विद्यापीठांत व संशोधन संस्थांतच घडला. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या गणिताच्या प्राध्यापकांनी बेसिक तयार केली आणि १ मे १९६४ च्या पहाटे चार वाजता तिच्यातले पहिले प्रोग्राम चालले. त्यांच्या डोळ्यांपुढे प्रामुख्याने विज्ञानाचे विद्यार्थी नव्हते. इतिहास, वाङ्मय किंवा समाजशास्त्र शिकणाऱ्या मुलालाही संगणकाकडून आपले काम करून घेता यावे, असा त्यांचा आग्रह होता. झुरिचमध्ये निक्लाउस व्हिर्थ यांनी १९७० साली पास्कल आणली, ती विद्यार्थ्यांना शिस्तीने प्रोग्राम लिहिण्याची सवय लागावी या हेतूने. ॲमस्टरडॅमच्या गणित व संगणकशास्त्र संस्थेत एबीसी नावाची शिकाऊंची भाषा बनली. ती फारशी पसरली नाही, परंतु तिच्यावर काम केलेल्या खिडो व्हान रॉसम यांनी तिच्यातल्या चांगल्या गोष्टी घेऊन पुढे पायथन रचली आणि १९९१ साली ती लोकांपुढे ठेवली. ओळी आत सरकवून गट दाखवण्याची पायथनची पद्धत एबीसीकडूनच आलेली आहे. सी भाषेचे कुळ अगदी वेगळे आहे. डेनिस रिची यांनी ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली लिहिण्याच्या कामासाठी घडवली. यंत्र आतून माहीत असलेल्या माणसांनी आपल्यासारख्याच माणसांसाठी ती केली, आणि त्या कामात ती आजही उत्तम आहे. अठरा वर्षांच्या मुलाचा संगणकाशी पहिला परिचय तिच्यातून व्हावा, हा तिच्या कर्त्यांचा हेतू नव्हता.

तरीही ती आपल्याकडे पहिल्या वर्षात का रुजली, याची कारणे समजण्यासारखी आहेत. तिचा कंपायलर साध्यासुध्या संगणकावर चालत असे, पुस्तके स्वस्त आणि मुबलक होती, शिक्षक स्वतः तीच शिकून आले होते, आणि 'गेट' या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या संगणकशास्त्राच्या पेपरात आजही तीच विचारली जाते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ साली जो नमुना अभ्यासक्रम दिला, त्यात 'प्रोग्रामिंग फॉर प्रॉब्लेम सॉल्व्हिंग' या विषयाखाली सीच आहे. पुढच्याच वर्षी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने पहिल्या वर्षाच्या २०१९ पॅटर्नमध्ये जवळपास याच नावाचा विषय ठेवला आणि त्यासाठी पायथन निवडली. नाव तेच आणि भाषा वेगळी, यावरून निदान एवढे दिसते की शिकवायचे आहे ते प्रश्न सोडवणे, याबद्दल कागदावर तरी एकमत आहे. सीबीएसईने अकरावी-बारावीला सी++ काढून पायथन आणली त्यालाही काही वर्षे झाली. अमेरिकेत फिलिप ग्वो यांनी २०१४ साली नामवंत ३९ संगणकशास्त्र विभागांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी २७ ठिकाणी प्रारंभीच्या अभ्यासक्रमात पायथन शिकवली जात होती. बहुमत म्हणजे पुरावा नव्हे, हे मला मान्य आहे.

विरोधकांचा मुख्य आक्षेप असा की सोप्या भाषेवर वाढलेल्या विद्यार्थ्याचा पाया कच्चा राहतो. त्याला मेमरी दिसत नाही, पॉइंटर (मेमरीतला पत्ता धरून ठेवणारा व्हेरिएबल) ठाऊक नसतो, डेटा टाइपची फिकीर नसते, आणि पुढे सी किंवा जावा समोर आली की तो गडबडतो. हा आक्षेप नवा नाही. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९७५ साली बेसिकबद्दल याहून जहाल लिहिले होते. बेसिकचा संस्कार झालेल्या विद्यार्थ्याला चांगले प्रोग्रामिंग शिकवणे जवळजवळ अशक्य आहे, असा त्यांचा सूर होता. त्या वाक्यानंतरची एक अख्खी पिढी बेसिकवरूनच प्रोग्रामिंगमध्ये आली आणि तिने बऱ्यापैकी काम केले, ही गोष्ट वेगळी. पण आक्षेपातला ग्राह्य भाग सोडून चालणार नाही. यंत्र आतून कसे चालते हे संगणकाच्या विद्यार्थ्याला कळलेच पाहिजे. वाद फक्त ते केव्हा कळावे, याचा आहे. तिसऱ्या सत्रात डेटा स्ट्रक्चर आणि मायक्रोप्रोसेसर समोर असताना पॉइंटर शिकवला तर त्याला काहीतरी काम असते. लिंक्ड लिस्ट जोडायची असते, पत्ता कशाचा हे दाखवता येते. पहिल्या सत्रात तो स्कॅनएफ या आकडे वाचून घेणाऱ्या आज्ञेतल्या एका चिन्हाच्या रूपाने येतो. व्हेरिएबलच्या नावाआधी अँपरसँड (&) लिहायचा राहिला तर प्रोग्राम कोसळतो किंवा भलतेच आकडे दाखवतो, आणि 'तिथे ते चिन्ह द्यायचे असते' यापलीकडे विद्यार्थ्याच्या हाती काही लागत नाही. पाया म्हणून ज्याचा गौरव होतो, ते पुष्कळदा असे न कळता केलेले पाठांतर असते.

आणखी एक आक्षेप मला याहून गंभीर वाटतो, आणि तो सोप्या भाषेचे समर्थक सहसा टाळतात. नुसती भाषा बदलून निकाल सुधारतो, असे आकडे सांगत नाहीत. इंग्लंडमधील डरहम विद्यापीठाच्या वॉटसन आणि ली या संशोधकांनी २०१४ साली १५ देशांतील १६१ प्रारंभीच्या अभ्यासक्रमांचे निकाल एकत्र करून पाहिले. उत्तीर्णांचे सरासरी प्रमाण ६७.७ टक्के निघाले, आणि अभ्यासक्रमात कोणती भाषा होती यावरून त्यात लक्षणीय फरक पडलेला दिसला नाही. दुसरीकडे, स्टेफिक आणि सीबर्ट यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की ज्यांनी कधीच प्रोग्राम लिहिलेला नाही, अशांना पर्ल किंवा जावाच्या धाटणीची लेखनपद्धत ही यदृच्छेने निवडलेल्या चिन्हांच्या भाषेपेक्षा लक्षणीयरीत्या सोपी गेली नाही, आणि पायथन व रूबीसारखी मात्र गेली. हे दोन निष्कर्ष एकमेकांच्या विरोधात दिसतात, पण ते तसे नाहीत. सोपी लेखनपद्धत पहिल्या काही आठवड्यांतला अडथळा खरोखर दूर करते. सत्राच्या अखेरीस निकाल मात्र दुसऱ्याच कुठल्या तरी गोष्टीवर ठरतो.

ती गोष्ट कोणती, हे पाहायला एक जुने उदाहरण उपयोगी आहे. १९८० च्या दशकात येल विद्यापीठात एलियट सोलोवे आणि त्यांचे सहकारी विद्यार्थ्यांना पावसाचा प्रश्न घालत असत. रोजच्या पावसाचे आकडे एकामागून एक वाचायचे, ९९९९९ हा आकडा आला की थांबायचे आणि सरासरी छापायची. मध्ये एखादा ऋण आकडा आला तर तो मोजायचा नाही. ऐकायला हे आठवीच्या गणिताइतके साधे आहे. लिहायला बसले की विद्यार्थी थांबण्याची खूण म्हणून दिलेला आकडाच बेरजेत धरतात, किंवा ऋण आकडा बेरजेतून वगळतात पण दिवसांच्या मोजणीतून वगळायला विसरतात, किंवा पहिलाच आकडा ९९९९९ आला तर शून्याने भागायची वेळ येईल हे त्यांच्या लक्षात येत नाही. बेरीज त्यांना येते, मोजणी येते, लूप येतो, अट येते. ही चार कामे एकाच लूपमध्ये एकमेकांचे पाय न ओढता कशी बसवायची, ते येत नाही. ही अडचण पायथनमध्येही तेवढीच आहे. टर्बो सी++ मध्ये एक जादा अडचण येते: ९९९९९ सोळा बिटांच्या पूर्णांकात मावतच नाही, त्यामुळे नेहमीच्या सवयीने 'इंट' लिहिणाऱ्याचा प्रोग्राम कधीच थांबत नाही, आणि मग तास तिकडेच जातो. विचार कुठे चुकला यावर बोलणे राहूनच जाते.

सी भाषेने शिकवणाऱ्यांना एक सोय करून दिली आहे, ती इथे. तिच्यात शिकवण्यासारखे आणि विचारण्यासारखे व्याकरणच इतके आहे की सत्र संपेपर्यंत शिक्षकाला पावसाच्या प्रश्नापर्यंत पोहोचावेच लागत नाही. स्टोरेज क्लास, फॉरमॅट स्पेसिफायर, ऑपरेटरांचा अग्रक्रम, ब्रेक आणि कंटिन्यू यांतला फरक, यांवर पेपर सहज भरतो आणि तपासायलाही सोपा जातो. 'आउटपुट लिहा' या प्रश्नाखाली एकाच ओळीत आय प्लस प्लस आणि प्लस प्लस आय (दोन्ही 'आय'ची किंमत एकने वाढवतात) यांची बेरीज देऊन उत्तर मागण्याची आपल्याकडे जुनी हौस आहे. सीच्या प्रमाण नियमांनुसार अशा ओळीचे उत्तर ठरलेलेच नाही. निरनिराळे कंपायलर निरनिराळे आकडे देऊ शकतात आणि तिन्ही-चारी बरोबर. तरी उत्तरपत्रिकेत एकाच आकड्याला पूर्ण गुण मिळतात, तो आकडा क्लासच्या नोट्समध्ये असतो, आणि ज्याने तो पाठ केला त्याचा विषय सुटतो. ज्याला पावसाचा प्रश्न सोडवता आला असता, पण तो आकडा ठाऊक नव्हता, त्याला केटी लागते, म्हणजे तो विषय मागे राहतो.

व्याकरण आटोपशीर असलेली भाषा हा आसरा काढून घेते. पायथनमध्ये व्याकरण शिकवायला चार-पाच आठवडे पुरतात. उरलेल्या सत्रात काय शिकवायचे, हा प्रश्न मग शिक्षकापुढे उभा राहतो, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर एकच आहे: मोठा प्रश्न छोट्या कामांत तोडणे, कामे नीट जोडणे, आपलाच प्रोग्राम कुठे फसेल हे आधी ओळखून तो तपासणे. हे फळ्यावर व्याख्या लिहून शिकवता येत नाही. त्यासाठी मुलांच्या चुका घेऊन वर्गात बसावे लागते. शिवाय सोप्या भाषेचे स्वतःचे सापळेही आहेत. वर्गाच्या गुणांची 'जुनी' नावाची यादी तशीच राहावी म्हणून विद्यार्थी 'नवी बरोबर जुनी' असे लिहितो, नवी यादी चढत्या क्रमाने लावतो आणि पाहतो तर जुनीही तशीच लागलेली असते, कारण पायथनने यादीची प्रत काढलेली नसते, त्याच यादीला दुसरे नाव दिलेले असते. हे समजावताना मेमरीबद्दल बोलावे लागते, पण इथे विद्यार्थी स्वतः प्रश्न घेऊन आलेला असतो.

भाषा बदलून परीक्षा जुनीच ठेवली तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. 'पायथनची वैशिष्ट्ये लिहा', 'लिस्ट आणि टपल यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा' असे प्रश्न तयार होतात, मार्गदर्शिका छापल्या जातात, आणि मुले कागदावर पेनाने प्रोग्राम लिहून ओळी किती आत सरकवल्या हे पट्टीने रेघ मारून दाखवू लागतात. वॉटसन आणि ली यांच्या आकड्यांचे मला आश्चर्य वाटत नाही ते यामुळे.

नवशिक्यांना सोयीची भाषा म्हणजे पायथनच, असेही नाही. मुंबईच्या आयआयटीत प्रा. अभिराम रानडे यांनी सी++ कायम ठेवून तिच्यावर सिंपल-सीपीपी नावाचा एक थर चढवला. त्यात 'रिपीट' ही एक साधी आज्ञा दिलेली आहे आणि पडद्यावर कासव हलवून आकृत्या काढता येतात. लूपचे पूर्ण व्याकरण माहीत होण्याआधीच विद्यार्थी बहुभुज काढतो, चूक झाली तर ती त्याला आकृतीतच दिसते, आणि खरी सी++ हळूहळू त्याच्यापुढे येते. मद्रास आयआयटीच्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन पदवीत पायथनच्याही आधी 'कम्प्युटेशनल थिंकिंग' हा विषय आहे. त्यात गुणपत्रिकांसारख्या माहितीच्या पत्त्यांचा गठ्ठा घेऊन तो कसा चाळायचा, मोजायचा आणि तुलना करायचा, याची रीत मुले कोणत्याही भाषेत प्रोग्राम न लिहिता शिकतात. दोन्ही ठिकाणी शिकवायचे काय हे आधी ठरले आणि साधन त्यानंतर निवडले गेले.

महाराष्ट्रातल्या बहुसंख्य महाविद्यालयांच्या दृष्टीने या चर्चेला आणखी एक बाजू आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी बारावीपर्यंत मराठी किंवा अर्धइंग्रजी माध्यमातून शिकलेला मुलगा आणि शाळेत दोन वर्षे पायथन करून आलेला सीबीएसईचा मुलगा एकाच बाकावर बसतात. पहिल्याला नवी भाषा, इंग्रजीतल्या तिरकस चूक-सूचना आणि टर्बो सी++ जिच्यात चालते ती डॉसबॉक्सची निळी खिडकी, हे सगळे एकदम भेटते. एक अर्धविराम राहिला म्हणून दहा चुका दाखवणारा पडदा पाहून 'हे आपल्याच्याने होणार नाही' असा निष्कर्ष तो पहिल्या महिन्यातच काढतो. त्याच्यात काय कमी आहे हे त्या पडद्यावरून ठरत नसते, पण त्याला ते तसेच वाटते. अशा मुलांना मराठीतून समजावून सांगण्याची सोयही अगदीच नाही असे नव्हे. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी आणि पायथन या दोन्हींचे पाठ मराठी आवाजात उपलब्ध आहेत. प्रोग्रामिंगच्या भाषेचा अडथळा कमी असेल, तर वर्गातला वेळ अशा मुलाच्या विचाराकडे देता येतो.

स्थापत्य, यंत्र अभियांत्रिकी, वनस्पतिशास्त्र किंवा अर्थशास्त्र शिकणाऱ्यांच्या बाबतीत तर वाद असण्याचेच कारण नाही. त्यांना पुढे पॉइंटरशी कर्तव्य नसते. जिल्ह्याच्या पर्जन्यमानाची फाइल उघडून तिच्यातून तालुकावार सरासरी काढता आली, तर त्यांचे काम झाले. केमेनी आणि कुर्ट्झ यांनी १९६४ साली ज्यांचा विचार केला, ते हेच विद्यार्थी.

आता जर्नलमधला कोणताही प्रोग्राम कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन काही सेकंदांत लिहून देते, त्यामुळे लिहिलेल्या प्रोग्रामवर गुण देण्याची पद्धत तशीही निकालात निघाली आहे. समोर आलेला प्रोग्राम वाचून तो काय करतो आणि कुठे चुकतो हे सांगता येणे, याला महत्त्व येणार आहे, आणि सहज वाचता येणारी भाषा पहिल्या सत्रात असणे या कामी सोयीचे आहे. पण हे तपासायचे असेल तर परीक्षा संगणकावर घ्यावी लागेल: चालू प्रोग्राम विद्यार्थ्याच्या हाती द्यायचा, त्यात एक बदल सांगायचा, मुद्दाम ठेवलेली एक चूक शोधायला लावायची आणि शेजारी बसून 'हे असे का केलेस' म्हणून विचारायचे. एका विद्यार्थ्यामागे यात पंधरा मिनिटे तरी जातात, म्हणजे वीस जणांच्या एका बॅचला पाच तास लागतात. आजचे प्रॅक्टिकलचे वेळापत्रक आणि बाह्य परीक्षकाचे मानधन ही दोन्ही अख्खी बॅच एका दुपारी आटोपण्याच्या हिशेबाने ठरलेली आहेत. पहिल्या वर्षाची भाषा बदलण्याचा ठराव ज्या अभ्यास मंडळापुढे येईल, त्याने त्या बैठकीला परीक्षा विभागालाही बोलावून घ्यावे आणि सी भाषा तिसऱ्या सत्रात कोणत्या विषयाबरोबर शिकवायची, याचा निर्णयही त्याच दिवशी करून टाकावा.